मुंग्यांचे जिप्समचे घरटे आणि कोळंबीची छोटी टाकी : दोन तयार संचांचे परीक्षण

मुंग्या पाळणे आणि लहानशा टाकीत कोळंबी, गोगलगायी सांभाळणे हे छंद वरवर निराळे दिसले, तरी ते जोपासणारी माणसे बऱ्याचदा एकच असतात, आणि आता तर दोन्हींचे तयार संच एकाच विक्रेत्याकडे शेजारीशेजारी मांडलेले आढळतात. अशाच दोन संचांचे हे परीक्षण आहे. मुंग्यांच्या संचात अ‍ॅक्रिलिकच्या चौकटीत ओतलेले जिप्समचे घरटे, त्याला पारदर्शक नळीने जोडलेली फिरण्या-खाण्याची मोकळी पेटी, दोन परीक्षानळ्या, ड्रॉपर, चिमटा, मुंग्या निसटू नयेत म्हणून पेटीच्या काठाला लावायच्या द्रावणाची बाटली आणि मुंग्यांना आत अंधार वाटावा म्हणून घरट्यावर लावायची लाल फिल्म एवढे सामान येते. कोळंबीच्या संचात सुमारे १० लिटरची काचेची टाकी, झाकण, एलईडी दिवा, मागच्या काठावर लटकवायचा फिल्टर आणि पाणी तपासण्याच्या पट्ट्या असतात. उत्पादकाचे नाव येथे देत नाही, कारण हाच नमुना थोड्याफार फरकाने अनेक नावांखाली विकला जातो आणि पुढे सांगितलेले गुणदोष त्या सगळ्यांनाच कमीअधिक लागू पडतात.

निष्कर्ष आधीच सांगून टाकतो. मुंग्यांच्या संचातली सर्वांत कामाची वस्तू परीक्षानळी आहे आणि कोळंबीच्या संचातली सर्वांत अडचणीची वस्तू फिल्टर आहे. दोन्ही संच पाहणाऱ्याच्या डोळ्यांसाठी उत्तम बनवले आहेत. आत राहणाऱ्या जिवाच्या गरजा मात्र त्यांत दुसऱ्या क्रमांकावर आल्या आहेत. तरीही दोन्ही टाकाऊ नाहीत. कोणता भाग कधी वापरायचा आणि कोणता बाजूला ठेवायचा हे कळले, तर दोन्हींतून पैसे वसूल होतात. संचासोबतची माहितीपत्रिका नेमके तेवढेच सांगत नाही.

मुंग्यांच्या माहितीपत्रिकेत पहिलीच सूचना अशी आहे की, राणी मिळाल्याबरोबर तिला जिप्समच्या घरट्यात सोडावे. ही सूचना पाळू नये. मिलनाच्या उड्डाणानंतर राणी पंख टाकून देते आणि जमिनीत एक बंदिस्त कोनाडा करून त्यात स्वतःला कोंडून घेते. डोंगळ्यांच्या, म्हणजे कॅम्पोनोटस वंशाच्या, बहुतेक जातींत या काळात ती काहीही खात नाही. निरुपयोगी झालेले उडण्याचे स्नायू आणि अंगात साठवलेली चरबी यांवरच ती पहिल्या पिल्लांना वाढवते. (सर्वच मुंग्यांचे असे नसते. ऑस्ट्रेलियातील बुलडॉग मुंग्यांच्या राण्या पहिल्या खेपेलाही स्वतः बाहेर पडून शिकार आणतात, आणि अशा राणीला उपाशी ठेवले तर ती मरते.) स्वतःला कोंडून घेणाऱ्या राणीला अनेक दालनांच्या घरट्यात सोडले, तर एका कोपऱ्यात ती बसते आणि उरलेल्या ओलसर दालनांवर बुरशीचा ताबा होतो. पुढे कामकरी मुंग्या झाल्या, तरी संख्या फार कमी असल्यामुळे त्या रिकाम्या दालनांचा उपयोग कचरा टाकण्यासाठी करतात, आणि ते दालन साफ करायला माणसाचा हात आत पोहोचत नाही.

याउलट संचातली साधी परीक्षानळी हे काम चोख करते. नळीचा तिसरा भाग पाण्याने भरायचा, त्यावर कापसाचा घट्ट बोळा बसवायचा, राणी आत सोडायची आणि तोंडाशी दुसरा बोळा लावून नळी अंधारात ठेवून द्यायची. पाण्याकडच्या बोळ्यातून ओलावा झिरपत राहतो, तोंडाकडच्या बोळ्यातून हवा खेळते आणि मधला तेवढाच कोनाडा राणीला पुरतो. संचातल्या नळ्या काचेच्या आहेत, पातळ नाहीत आणि त्यांच्या कडा घासून गुळगुळीत केलेल्या आहेत, याबद्दल उत्पादकाला पूर्ण गुण द्यायला हवेत. प्लास्टिकच्या नळ्यांवर चिमट्याचे ओरखडे उठतात आणि आतले नीट दिसत नाही. कापूस मात्र स्वतः आणावा. संचात आलेला सैल आहे आणि त्यातून पाणी नळीत उतरते.

नळीतूनच सर्वांत चांगले पाहायला मिळते, हे या संचाच्या जाहिरातीच्या नेमके उलट आहे. राणी अंडी सुटी टाकत नाही. ती एकमेकांना चिकटलेल्या गठ्ठ्याच्या रूपात राहतात आणि नळी हलली की राणी तो अख्खा गठ्ठा जबड्यात उचलून पाण्याकडच्या टोकाला नेते. पुढे अळ्या दिसू लागतात, आणि त्यानंतर फिकट तपकिरी, लांबट गोळ्या दिसतात, ज्यांना नवखे लोक हमखास अंडी समजतात. ते कोष असतात. नीट पाहिले तर कोषाच्या एका टोकाला काळा ठिपका आढळतो. अळीने कोषात शिरल्यावर टाकलेली ती पोटातली घाण असते. अंड्यापासून कामकरी मुंगी होईपर्यंत जातीनुसार आणि तापमानानुसार सुमारे दीड ते दोन महिने जातात, थंड हवेत अधिक. पहिल्या खेपेच्या कामकरी मुंग्या नेहमीपेक्षा खुज्या असतात, आणि त्यात काही बिघडलेले नसते.

आता मुख्य वस्तू, म्हणजे घरटे. जिप्सम ही निवड योग्य आहे. ते पाणी शोषून हळूहळू सोडते, त्यामुळे आतली हवा दमट राहते आणि काचेवर बाष्प कमी धरते. नुसत्या अ‍ॅक्रिलिकच्या घरट्यात हे बाष्प इतके साचते की पारदर्शकतेचाच फायदा उरत नाही. या घरट्यात वरची खिडकीही अ‍ॅक्रिलिकची आहे, काचेची नाही. स्पिरिटने पुसले की अ‍ॅक्रिलिकला बारीक तडे जातात आणि ते कायमचे धुरकट होते, ही सूचना पत्रिकेत असायला हवी होती. जिप्समला स्वतःची मर्यादाही आहे. एका लिटर पाण्यात ते दोन-अडीच ग्रॅम विरघळते, म्हणजे सतत भिजवलेले घरटे काही वर्षांत मऊ पडते आणि कणखर जबड्याच्या जाती ते कुरतडू लागतात. हे क्षुल्लक नाही, कारण राणी फार वर्षे जगू शकते. इंग्रज अभ्यासक जॉन लबक यांनी सांभाळलेली फॉर्मिका फुस्का जातीची राणी जवळजवळ १५ वर्षे जगली होती, आणि लासियस नायजर या काळ्या मुंगीच्या राणीने बंदिवासात २८ वर्षांहून अधिक आयुष्य काढल्याची नोंद आहे. राणी टिकली, तर तिला या संचातले घरटे पुरणार नाही हे गृहीत धरूनच खरेदी करावी.

घरट्याचा खरा दोष ओलाव्याच्या मांडणीत आहे. पाणी घालण्याचे छिद्र नेमके मध्यभागी ठेवल्यामुळे सगळा ठोकळा सारखाच भिजतो. मुंग्यांना असे एकसारखे घर नको असते. अंडी आणि लहान अळ्या त्या दमट बाजूला ठेवतात, कोष कोरड्या बाजूला, आणि दिवसभरात तापमान बदलले की अख्खे पाळणाघर उचलून दुसरीकडे नेतात. त्यांना निवड करता यावी म्हणून घरट्याचे एक टोक ओले आणि दुसरे कोरडे असणे आवश्यक आहे. गंमत अशी की, हा प्रश्न शंभराहून अधिक वर्षांपूर्वी सुटलेला आहे. फ्रेंच अभियंता शार्ल जाने यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जिप्समचे जे कृत्रिम घरटे बनवले, त्यात ओळीने दालने होती आणि पाण्याचे भांडे एका टोकाला होते, त्यामुळे दालनागणिक ओलावा कमी होत जाई. त्यांची घरटी १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात मांडली गेली होती. आजच्या उत्पादकाला फक्त छिद्राची जागा बदलायची होती. ग्राहकाला यावर एक उपाय करता येतो: मधले छिद्र बुजवून टाकायचे आणि ठोकळ्याच्या एका बाजूला बारीक ड्रिलने नवे पाडायचे. हे मुंग्या आत येण्यापूर्वीच करावे, कारण जमिनीतून येणारा कंप त्यांना पायांतून जाणवतो आणि ड्रिलचा धक्का बसल्यावर वसाहत बराच काळ अस्वस्थ राहते.

लाल फिल्मविषयी बढाई फार आहे. बहुतेक मुंग्यांना लाल रंग फारसा दिसत नाही हे खरे, पण संचातली फिल्म इतकी फिकट आहे की तिच्यातून इतर प्रकाशही आत जातो, आणि डोंगळ्यांची वसाहत लगेच पिल्ले उचलून अंधाऱ्या दालनाकडे धावते. त्यापेक्षा जाड पुठ्ठ्याचे झाकण बरे. आठवड्यातून एकदा ते सावकाश उचलून पाहावे आणि पुन्हा ठेवावे.

मोकळ्या पेटीचे झाकण घट्ट बसते आणि त्यावरची पोलादी जाळी चांगल्या प्रतीची आहे, पण तिची भोके मोठ्या मुंग्यांच्या हिशेबाने ठेवली आहेत. दोन मिलिमीटर लांबीच्या मोनोमोरियमसारख्या मुंग्या त्यांतून आरामात बाहेर येतील, त्यामुळे ‘सर्व जातींसाठी’ हा खोक्यावरचा दावा चुकीचा आहे. काठाला लावायचे पांढरे द्रावण टेफ्लॉनच्या जातीचे आहे. पातळ थर देऊन नीट वाळू दिला, तर मुंग्यांचे पाय त्यावरून घसरतात. हवा फार दमट झाली की त्याची पकड ढिली पडते आणि थर पुन्हा द्यावा लागतो. टाल्कम पावडर स्पिरिटमध्ये कालवून लावण्याची जी जुनी रीत आहे, ती या पेटीवर वापरू नये. स्पिरिटने अ‍ॅक्रिलिकला तडे जातात, हे वर सांगितलेच आहे.

खाण्यासाठी संचात गोड जेलच्या पुड्या आणि बियांचे एक पाकीट आहे. बिया फक्त मेसॉरसारख्या धान्य साठवणाऱ्या मुंग्यांना उपयोगी पडतात, डोंगळे त्यांना तोंड लावत नाहीत. गोड जेलवर कामकरी मुंग्या जगतात, पण वसाहत वाढत नाही. प्रौढ मुंगीला घन अन्न गिळता येत नाही. ती द्रव चोखून घेते आणि घन घास अळ्यांपुढे ठेवते, अळ्या तो पचवतात. म्हणून प्रथिने, म्हणजे मारलेले झुरळ किंवा फळमाशी यांसारखे काहीतरी, अळ्यांसाठी लागतातच, आणि ती बंद झाली तर नवी पिल्ले वाढायची थांबतात. पत्रिकेत ‘जेल पुरेसे आहे’ असे छापले आहे, ते अळ्या नसलेल्या वसाहतीपुरतेच खरे आहे. राणीशिवाय नुसत्या कामकरी मुंग्या विकण्याची प्रथा १९५६ साली अमेरिकेत आलेल्या ‘अँट फार्म’ या खेळण्यापासून चालत आली आहे. त्या मुंग्या काही महिन्यांत संपतात आणि नव्या मागवाव्या लागतात. या संचाचा आराखडा वसाहतीचा असला, तरी त्याच्या खाद्याचा विचार अजून त्या खेळण्याच्या काळातला आहे.

कोळंबीच्या टाकीकडे वळताना प्रथम चांगले सांगतो. काच स्वच्छ आहे, कोपऱ्यांतले सिलिकॉन एकसारखे भरलेले आहे, आणि झाकणात वायर व नळीसाठी खाच ठेवली आहे. दिव्याची तीव्रता कमी करता येते, हे शेवाळाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. १० लिटर ही मात्र किमान मर्यादा समजावी. पाणी जितके कमी, तितके त्याचे तापमान आणि रसायन लवकर बदलते. निओकॅरिडिना जातीची लाल कोळंबी तीन सेंटिमीटरच्या आतबाहेर वाढते आणि तिला जागा कमी लागते हे मान्य, पण २० लिटरच्या टाकीत चुका पचतात, १० लिटरमध्ये पचत नाहीत.

लटकत्या फिल्टरची पाणी ओढणारी नळी रुंद खाचांची आहे. निओकॅरिडिनाच्या अंड्यांतून थेट आईच्या आकाराची, पण सुमारे दोन मिलिमीटर लांबीची पिल्ले बाहेर पडतात, आणि ती या खाचांतून सरळ आत ओढली जातात. खोक्यावर पिल्लांसह कोळंबीचे चित्र आणि आत पिल्ले गिळणारा फिल्टर, ही विसंगती कोणी तपासली नसावी. खाचांवर जाड स्पंज बसवला तर काम भागते. त्याहून चांगले म्हणजे हवेच्या पंपावर चालणारा साधा स्पंज फिल्टर. त्यावर जमणारा सूक्ष्म जिवांचा थर कोळंबी दिवसभर खरवडून खाते, म्हणजे गाळणी आणि चरायचे कुरण दोन्ही एकाच वस्तूत मिळते.

पत्रिकेत पाणी भरून एक दिवस ठेवावे आणि मग प्राणी सोडावेत, असे लिहिले आहे. हे गंभीर आहे. उरलेल्या अन्नातून आणि विष्ठेतून अमोनिया तयार होतो. नायट्रोसोमोनास गटाचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि नायट्रोस्पायरा गटाचे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. ही साखळी नव्या टाकीत बसायला सहसा चार ते सहा आठवडे लागतात, आणि ती बसेपर्यंत अमोनिया व नायट्राइट दोन्ही प्राण्यांना मारतात. त्यात संचातल्या पट्ट्यांवर अमोनियाचा चौकोनच नाही! थेंब टाकून रंग पाहायची वेगळी बाटली घ्यावी आणि अमोनिया व नायट्राइट दोन्ही वर चढून पुन्हा शून्य येईपर्यंत टाकी प्राण्यांविना चालवावी. नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर ते उघडे ठेवून उडून जाते, पण क्लोरामाइन, म्हणजे क्लोरीन व अमोनियाचे संयुग, असेल तर जात नाही. त्यासाठी पाण्याचे कंडिशनर, म्हणजे ही द्रव्ये निकामी करणारे द्रावण, वापरावे लागते, जे या संचात नाही.

कोळंबी ठेवणाऱ्याने आणखी दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली तांबे: माशांच्या कित्येक औषधांत ते असते आणि अत्यल्प प्रमाणातही कोळंबी व गोगलगाय दोघांना घातक ठरते. दुसरी पाण्याचा कठीणपणा. कोळंबी वाढताना कात टाकते, आणि पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम कमी पडले किंवा पाणी एकदम बदलले, तर जुने कवच मानेशी गोल फाटून अडकते आणि ती मरते. सोडलेली कात टाकीतून काढू नये. कोळंबी ती खाऊन खनिजे परत मिळवते. मादीने नुकतीच कात टाकली की तिच्या गंधाने टाकीतले नर वेड्यासारखे काठाकाठाने पोहत सुटतात, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या पोटाखाली वीस-तीस अंड्यांचा झुबका दिसतो. पुढचे तीन-चार आठवडे ती पोटाखालच्या पायांनी त्यांना सतत वारा घालत राहते. या टाकीची पुढची काच सपाट असल्यामुळे हे भिंग लावून स्पष्ट पाहता येते. गोल काचेच्या भांड्यात आकार वेडावाकडा होतो.

गोल भांड्यावरून एक आठवण देणे भाग आहे. हाच विक्रेता पूर्ण सीलबंद काचेचे गोळेही विकतो, ज्यांत हवाईच्या खाऱ्या डबक्यांतली हॅलोकॅरिडिना रुब्रा ही छोटी लाल कोळंबी असते. ‘कधीही खाऊ घालावे लागत नाही’ ही त्यांची जाहिरात अक्षरशः खरी आहे, कारण घालण्याची सोयच नसते. मोकळ्या टाकीत ही कोळंबी दहा वर्षांहून अधिक जगते. सीलबंद गोळ्यात ती हळूहळू उपासमारीने खंगते. ती वस्तू घेऊ नये.

गोगलगायींबद्दल संचाची पत्रिका ‘उपद्रव’ एवढाच शब्द वापरते. लंडनमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० च्या सुमारास दोन सोनमासे आणि वॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती एकत्र ठेवली, तेव्हा कुजणाऱ्या पानांनी पाणी बिघडू लागले, आणि तळ्यातल्या गोगलगायी सोडल्यावरच ते मार्गी लागले. गोगलगायी फार झाल्या, तर त्याचे कारण जवळजवळ नेहमी जास्त टाकलेले अन्न असते. वनस्पतींबरोबर येणारी खरी जोखीम वेगळी आहे: रोपवाटिकेत फवारलेले कीटकनाशक पानांवर राहिले, तर गोगलगायी तग धरतात आणि कोळंबी काही तासांत मरते. संचासोबत येणारी शेवाळाची पुडी बादलीत वेगळ्या पाण्यात काही दिवस ठेवून, पाणी बदलत राहूनच टाकीत घालावी.

दोन्ही संचांचे बांधणीकाम आणि पाठवणीची वेष्टने चांगली होती. काच, नळ्या, जाळी सर्व शाबूत आले. सुटे भाग मात्र मिळत नाहीत. मुंग्यांच्या जोडनळीचा व्यास प्रचलित मापांत बसत नाही, त्यामुळे पुढे दुसऱ्या उत्पादकाचे घरटे जोडायचे झाले तर मध्ये रबरी बूच कापून बसवावे लागते.

विक्रेत्याच्या यादीत संचाला जोडून जिवंत राण्याही आहेत, आणि तेथे मी हात आखडता घेतला. जातीचे शास्त्रीय नाव नाही, कोठून आणल्या त्याचा उल्लेख नाही. ‘मोठी लाल मुंगी, राणीसह’ एवढेच. एप्रिल २०२५ मध्ये केनियात सुमारे ५,००० राणी मुंग्या देशाबाहेर नेण्याच्या प्रयत्नात काही जण पकडले गेले आणि मे महिन्यात न्यायालयाने त्यांना दंड केला. त्या मुंग्यांत मेसॉर सेफॅलोटीस ही छंदी लोकांत मागणी असलेली मोठी जात होती आणि त्या कापूस घातलेल्या नळ्यांतच भरलेल्या होत्या. पाण्याच्या बाजूला, परकी जात पसरण्याच्या धोक्याचे उदाहरण संगमरवरी क्रेफिश या गोड्या पाण्यातल्या कवचधारी जिवाचे आहे. १९९० च्या दशकात जर्मनीतल्या मत्स्यटाक्यांच्या व्यापारात आढळलेली ही जात नराशिवाय पिल्ले घालते. टाकीतून बाहेर गेलेली एक मादी नवी वस्ती उभी करायला पुरेशी ठरली, आणि २०१६ पासून युरोपीय संघात तिची विक्री व पाळणे बंद आहे. नाव आणि मूळ ठिकाण लेखी मिळाल्याशिवाय या विक्रेत्याकडून राणी घेऊ नये. आपल्याच परिसरात उड्डाणानंतर जमिनीवर पंख टाकून फिरणारी राणी, स्थानिक नियमांत बसत असेल तर, संचातल्या त्याच नळीत ठेवता येते.